केनेसॉवरचा निरोप

"शेवटचं काय म्हणाल्या त्या?" रेंजरनं इंग्रजीत विचारलं.

"आय ॲम कमिंग. बस, एवढंच म्हणाली," श्रीरामकाकांनी सांगितलं.

म्हणजे बाई नवऱ्याकडेच येत होत्या! रेंजरनं सगळी माणसं पार्किंगपासून, काका थांबले होते त्या लढाईच्या फलकापर्यंतच्या वाटेवर लावली. सीमाकाकूंचा तीन तास पत्ता नव्हता. जूनचं रणरणतं ऊन, त्यांना डायबेटिस, आणि फोन, पाणी, ग्लुकोज सगळं काकांच्या पिशवीत.

काकांनी नागपूरला बत्तीस वर्षं इतिहास शिकवला. मुलाकडे अमेरिकेत अल्फारेटाला आले तरी लढायांचं वेड काही सुटलं नाही. केनेसॉ डोंगराच्या या चढावर अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६४ साली, उत्तरेचं सैन्य चालून आलं आणि दक्षिणेच्या खंदकांपुढे मेलेली, जखमी, बेपत्ता धरून तीन हजार माणसं गमावून बसलं. सकाळी काका तो फलक अक्षर न् अक्षर वाचत होते. काकू मागे ताटकळत होत्या.

"तुमचं चालू द्या. येते मी," त्या म्हणाल्या.

काका नुसतं "हं" म्हणाले. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोला बहुतेक उत्तरं अशीच दिली होती. मान वर करून बघायला काय जात होतं?

ऋषी ऑफिसातून धावत आला. "बाबा, पाणी प्या आधी. वरी करू नका, मीपण सर्च करतो. येतो मी."

तो पाठ फिरवून झाडीत शिरला. काका त्या पाठीकडे बघत राहिले. निघताना आपण 'जाते' कुठे म्हणतो? अशुभ म्हणून 'येते' म्हणतो.

"ऋषी! अरे, ती येत नव्हती रे, निघाली होती! पुढे गेली ती! मीच चुकीचं सांगितलं!"

ऋषीनं रेंजरला घाईघाईनं समजावलं. माणसं पलीकडच्या उतारावर धावली, ऋषीही धावला. काका बाकावर देवाचं नाव घेत बसले, पण डोक्यात ते तीन तासच फिरत होते.

वीस मिनिटांनी रेंजरचा वॉकीटॉकी खरखरला. ओढ्याकाठी काकू सापडल्या होत्या. रेंजरनं ऐकून घेतलं, डोळे मिटले आणि डोक्यावरची हॅट काढली.

"आय ॲम सो सॉरी, सर."

काका उठले. त्यांनी शर्ट नीट खोचला.

"तिला उन्हात ठेवू नका," ते मराठीतच म्हणाले.

रेंजरनं मान हलवली आणि हॅट हातात धरून तो उतार उतरू लागला. काका त्याच्या मागून चालू लागले.