दाराकडची जागा

मी एक जुना कॅरम बोर्ड आहे. सरळ नाही, हे आधीच सांगून टाकतो.

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला लागल्या की बहुतेक वेळा तक्रारच करतात. आम्हाला विसरलात, माळ्यावर टाकलंत, धूळसुद्धा झटकली नाहीत, वगैरे. माझी तशी काही तक्रार नाही. मला माळ्यावर टाकलं ते योग्यच झालं. माझी गोष्ट म्हणजे एक कबुली आहे. ऐकून तुम्ही मला नावं ठेवलीत तरी चालेल, पण शेवटपर्यंत ऐका.

जन्मलो तेव्हा मी सरळ होतो. एका म्हाताऱ्या सुताराने मला घडवलं. फळी बसवली की तो माझ्यावर पाणसळ ठेवी आणि तिच्यातला बुडबुडा मधोमध येईपर्यंत मला तासत, घासत राही. त्याची बायको माझ्या चार भोकांसाठी दोऱ्याच्या जाळ्या विणत बसलेली असे. ती एकदा म्हणाली, "पोरांच्या खेळण्याला एवढं कोण बघतंय?" सुतार म्हणाला, "पोरंच बघतात." या दोघांची आठवण आली की मला अजूनही मान वर करवत नाही.

मला एका शिंप्याने विकत घेतलं, आपल्या दोन मुलींसाठी. मोठी तेरा वर्षांची, धाकटी अकराची. घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत एका बाजूला दार, समोर खिडकी आणि मधे एक बुटका लोखंडी स्टूल. त्या स्टुलावर माझी जागा ठरली. कोपऱ्यात एका टोपलीत आधीची मंडळी होती: काचेच्या गोट्या, आर झिजलेला भोवरा, पडद्याच्या दोरीची केलेली उड्यांची दोरी, चावी हरवलेला पत्र्याचा बेडूक. मी आलो आणि त्यांचे दिवस भरले. तेव्हा मला त्यांची दया आली नाही. उलट मी जरा फुशारलोच.

काय दिवस होते ते. शाळा सुटली की दप्तरं भिरकावली जात. अंगाला लावायची पावडर माझ्यावर शिंपडली जाई, आणि त्यातली निम्मी धाकटीच्या नाकाला लागलेली असे. राणी कोण घेणार, कव्हर कोण देणार, फाऊल झाला की नाही झाला, यावरून एवढी भांडणं होत की शेजारची बाई भिंतीवर थापा मारायची. धाकटीचा हात फार नाजूक होता. ती स्ट्रायकरला जेमतेम नख लावी आणि सोंगटी कुणी समजूत घातल्यासारखी भोकात जाई. मोठी जोरात मारायची. तेव्हा डाव कधी हिचा, कधी तिचा.

मग ती दुपार आली. घरी मोठी एकटीच होती. तिच्या हातून सरबताचा पेला माझ्यावर सांडला. तिने ओल्या फडक्याने पुसलं, चिकटपणा जाईना. आई आली तर ओरडेल या धाकाने तिने मला न्हाणीघरात नेलं आणि चांगले दोन तांबे पाणी ओतलं. कॅरम बोर्ड म्हणजे काही ताट नव्हे, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. धुऊन तिने मला भिंतीला टेकवून उभं केलं आणि ती अभ्यासाला बसली. माझा खालचा कोपरा दुपारभर पाण्यात उभा होता.

आई येण्याआधी तिने मला कोरडं पुसून जागेवर ठेवलं. कुणाला काही कळलं नाही. पण आठवड्याभरात माझं लाकूड आतून फुगलं, मग सुकलं आणि खिडकीकडच्या एका कोपऱ्याकडे मी केसभर उतरलो. नुसत्या डोळ्यांना ते दिसण्यातलं नव्हतं. सोंगट्यांना मात्र लगेच समजलं. दाराकडून मारलेली चुकार सोंगटीही घरंगळत त्या कोपऱ्यातल्या भोकात जाई. खिडकीकडून मारलेली चढण चढल्यासारखी दमे आणि भोकाच्या तोंडाशी थांबे.

हे पहिल्यांदा लक्षात आलं ते मोठीच्याच. तिचा एक नेम साफ चुकला होता, तरी सोंगटी हळूहळू सरकली आणि टुपकन पडली. तिने सोंगटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी तिने जाहीर केलं, "दाराकडची जागा माझी. बाबा आले की दार मलाच उघडायला लागतं." कारण खरंही होतं. त्या घरात ताईची जागा म्हणजे ताईची जागा. तिच्या पाटावर, तिच्या खुर्चीवर दुसरं कुणी बसत नसे, तिच्या उशीवर कुणी डोकं टेकत नसे. त्यामुळे धाकटी मुकाट्याने खिडकीकडे गेली, आणि तिथेच राहिली.

मोठी जिंकायला लागली. बाबा म्हणायचे, "हिच्या हातात जादू आहे." पाहुणे म्हणायचे, "बोर्ड काय गुळगुळीत आहे हो." मित्रांनो, मला ते आवडायचं. सोंगटी पडली की टाळी वाजायची आणि मला वाटायचं, ती माझ्यासाठीच आहे. मला बोलता येत नव्हतं हे खरं. पण मला वाईटही वाटत नव्हतं, आणि गुन्हा तिथेच झाला.

धाकटी हरत राहिली. ती शाळेतून आल्यावर एकटीच तासन्‌तास सराव करायची. एकटी असतानाही खिडकीकडेच बसायची. दाराकडची जागा रिकामी असायची, पण ताईच्या जागेवर बसायचं नाही हे तिच्या अंगात इतकं मुरलं होतं की तिच्या मनातही आलं नाही. बोटाचं नख काळंनिळं होई. सोंगटी तोंडाशी येऊन थांबे. ती पुन्हा मारी, पुन्हा थांबे. हळूहळू तिने आपला नाजूक हात सोडला आणि ती ताईसारखं जोरात मारायला लागली. मग तर नेमही जायला लागला.

पुढच्या वर्षी शहरातल्या सगळ्या वसाहतींची मुलांची स्पर्धा ठरली. प्रत्येक वसाहतीतून एक मुलगी जायची होती. आमच्या वसाहतीच्या क्लबात खेळ बघणारे एक गृहस्थ होते, सगळे त्यांना पंचकाका म्हणत. क्लबचा बोर्ड दुरुस्तीला गेलेला, म्हणून ते सुट्टीच्या सकाळी आमच्याच घरी आले. म्हणाले, "दोघींनी खेळा. जिंकेल ती जाईल."

त्या सकाळी धाकटी जिवावर उदार होऊन खेळली. पुन्हा आपल्या जुन्या, नाजूक हाताने. शेवटच्या डावात दोघींची एकेक सोंगटी उरली. तिची सोंगटी भोकासमोर सरळ होती, लहान मुलानेही घातली असती. तिने नख लावलं. सोंगटी निघाली, गेली आणि बोटभर अलीकडे थांबली. मोठीने आपली घातली.

धाकटी रडली नाही. हळूच म्हणाली, "ताई, एक डाव जागा बदलून खेळूया का? इथनं सोंगटी थांबते गं."

मोठीचा चेहरा क्षणभर उतरला. मी तो खालून पाहिला. मग ती सगळ्यांकडे बघून म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं."

सगळे हसले. आई हसली, बाबा हसले, पंचकाकांनी तर मांडीवर थाप मारली. ही म्हण तुम्ही शाळेत शिकता, अर्थ लिहिता, वाक्यात उपयोग करता. त्या दिवशी अंगण खरोखरच वाकडं होतं. आणि ते अंगण म्हणजे मी.

धाकटीने स्ट्रायकर खाली ठेवला आणि म्हणाली, "मला नाही जमत." मोठी स्पर्धेला गेली. तिथला बोर्ड सरळ होता. माझ्यावर शिकलेली तिची विद्या तिथे काही कामाची नव्हती. पहिल्याच फेरीत ती सपाटून हरली. घरी येऊन म्हणाली, "मला ताप होता." आईने कपाळाला हात लावून पाहिला आणि हात काढून ती स्वयंपाकाला गेली. त्यानंतर मोठीने मला हात लावला नाही. धाकटीने तर त्या सकाळीच सोडलं होतं. थोड्या दिवसांनी मी माळ्यावर गेलो, टोपलीतल्या मंडळींच्या शेजारी. बेडूक काही बोलला नाही. त्याने बोलायला हवं होतं असं मला फार वाटलं.

माळ्यावर दिसत काही नाही, ऐकू मात्र सगळं येतं. मी वर्षानुवर्षं एक वाक्य ऐकलं: "मला नाही जमत." सायकल आणली, धाकटी म्हणाली, मला नाही जमत. बाबा तिला कापड कापायला शिकवायला बसले. "तुझा हात माझ्यापेक्षा हलका आहे, धर कात्री," असं त्यांनी किती वेळा सांगितलं. कात्री उघडल्याचा आवाज येई आणि मग ती खाली ठेवल्याचा. "चुकलं तर? मला नाही जमत, बाबा." मोठी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली. धाकटी लग्नानंतरही याच घरात राहिली. दुकान तिच्याकडे आलं, पण कापायला तिने दुसरा माणूस ठेवला. ती जन्मभर काजं-बटणं करत राहिली, दुमडी घालत राहिली. इतकी सुबक, की गिऱ्हाइकं कपडे उलटे करून दाखवतात, असं मी ऐकलं. कापड मात्र तिने एकदाही कापलं नाही.

हे माझ्यामुळे झालं, असं म्हणणं म्हणजे बढाई मारल्यासारखंच आहे, हे मला कळतं. माणसाचं आयुष्य एका फळीने बिघडत नसेल. पण त्या वाक्याची पहिली वेळ मी ऐकली होती, आणि ती माझ्यासमोरच झाली होती.

गेल्या महिन्यात मोठी चार दिवस राहायला आली. आता दोघींचे केस पांढरे झाले आहेत. धाकटीची नात, नऊ वर्षांची, सगळे तिला पिटुकली म्हणतात, तिने माळ्यावर काय आहे म्हणून हट्ट धरला. मला खाली उतरवलं. मोठी माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "हा अजून आहे?" जाळ्या विरल्या होत्या. चार सोंगट्या कमी भरल्या, त्यांच्या जागी धाकटीने कोटाची बटणं मांडली. तोच स्टूल, तीच दार-खिडकीमधली जागा, आणि माझा उतरता कोपरा पुन्हा खिडकीकडेच.

पहिला डाव पिटुकली आणि तिची आजी. आजी सवयीने खिडकीकडे बसली आणि हरली. हसत म्हणाली, "मला नाहीच जमत. जन्मापासून." दुसऱ्या डावाला मोठी बसली. पासष्ट वर्षांची बाई, विचारही न करता दाराकडे गेली. पिटुकली खिडकीकडे आली. पोरीचा हात हुबेहूब तिच्या आजीचा. नख लावलं, सोंगटी निघाली, बोटभर अलीकडे थांबली. तिने पुन्हा मारली. पुन्हा थांबली. पिटुकलीने स्ट्रायकर खाली ठेवला.

"मला नाही जमत," ती म्हणाली.

"जाऊ दे गं," धाकटी म्हणाली, "माझाच हात आलाय तुला, काय करणार."

मोठीने दोन्ही हात माझ्या चौकटीवर टेकले. ती म्हणाली, "तिला जमतं. बोर्ड वाकडा आहे."

"काय?"

"वाकडा आहे. मी धुतला होता. पाण्यात उभा राहिला दुपारभर. मला माहीत होतं."

धाकटीने माझ्यावरचं एक कोटाचं बटण उचललं. मग तिने विचारलं, "पंचकाका आले होते, तेव्हा?"

"तेव्हाही."

धाकटी उठून आत गेली. नळ सोडल्याचा आवाज आला, बंद केल्याचा आला. मोठी तशीच बसून होती. पिटुकली कधी हिच्याकडे, कधी आतल्या दाराकडे बघत होती. धाकटी बाहेर आली ती दाराशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "ऊठ."

मोठी उठली आणि खिडकीकडे गेली. धाकटी पहिल्यांदाच दाराकडच्या जागेवर बसली. एक काळी सोंगटी मांडली, नख लावलं. सोंगटी अलगद गेली आणि पडली. तिने हात पुढे केला. मोठीने वाकून जाळीतून सोंगटी काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली. तिने पुन्हा मांडली, पुन्हा घातली. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. दर वेळी मोठी वाकायची, काढून द्यायची.

"मला सांगितलं असतंस तर?" शेवटी धाकटीने विचारलं.

"तू गेली असतीस स्पर्धेला."

"तिथेही हरलेच असते कदाचित."

"हरली असतीस. पण तुझी तू हरली असतीस."

धाकटीने मान हलवली. माफ केलं, असं ती म्हणाली नाही, आणि मोठीने मागितलंही नाही. मग धाकटीने पिटुकलीला जवळ ओढलं, दाराकडच्या जागेवर बसवलं आणि तिचं बोट धरून दाखवलं की नख नुसतं लावायचं असतं, मारायचं नसतं.

मित्रांनो, कॅरम बोर्ड कधी पाण्याने धुऊ नका. कोरड्या फडक्याने पुसा आणि आडवा ठेवा, भिंतीला उभा करू नका. हे झालं लाकडापुरतं. दुसरी विनंती मी हात जोडून करतो, मला हात असते तर. खेळताना समोरचा सारखा हरत असेल आणि हळूच म्हणाला, एक डाव जागा बदलूया का, तर हसू नका. उठा. तुम्ही जिंकत असाल तर जरा लवकर उठा.