अंगठ्याखालचं अक्षर

मी पुठ्ठ्याचा त्रिकोण बोलतोय. जळका आहे मी, आधीच सांगून टाकतो.

एकलहऱ्याच्या वीज केंद्रातल्या जयराम वायरमननं मला बुटाच्या खोक्यातून कापलं. वर व्ही लिहिलं, खाली आय आणि आर, म्हणजे विजेचा दाब, प्रवाह आणि रोध. "तेजू, जे काढायचं त्याच्यावर अंगठा ठेव. उरलं ते उत्तर. आयटीआयला मी असाच पास झालो." वर्षभर त्याच्या लेकीचा, तेजस्विनीचा अंगठा माझ्यावर होता. काय लाड होते माझे!

दहावीच्या पेपरात भिंगाचं गणित आलं. एफ, व्ही, यू. तीनच अक्षरं बघून पोरीनं ती माझ्यासारख्या त्रिकोणात बसवली. पण त्या सूत्रात वजाबाकी असते, ती माझ्यात मावत नाही. बाकीची गणितंही तिनं अशीच कोंबली. विज्ञानात नापास! डिप्लोमाचा प्रवेश फेरपरीक्षेवर लटकला.

मग शेजारच्या स्नेहाताई कॅलेंडरचे पाठकोरे कागद घेऊन आल्या. "आधी पूर्ण सूत्र लिही. हवं ते अक्षर एकटं पाड. इकडे जे करशील तेच तिकडेही कर."

झालं! तेजू तासन्‌तास त्या पाठकोऱ्यावर वाकलेली. मेल्याच्या दुसऱ्या अंगाला गॅस आल्याच्या तारखेचे गोल! तरी तो मांडीवर आणि मी कंपासपेटीच्या तळाशी. नुसता जळफळाट व्हायचा. वाटायचं, चुकावं हिचं. हो, खरंच वाटायचं.

फेरपरीक्षेला तिनं मला कंपासपेटीतून काढलं आणि मी बाहेर दप्तरात राहिलो. पाठकोराही बाहेरच होता, पण त्याची रीत तिच्या डोक्यातून आत गेली होती.

दोन तासांनी ती हसतच आली. फाटकाशी जयराम उभा. "त्रिकोण आला का गं कामाला?"

तेजूनं त्याच्या तारांनी चिरलेल्या अंगठ्याकडे पाहिलं. "हो पप्पा. पहिलं गणित त्याच्यावरच सुटलं."

साफ खोटं! प्रश्नपत्रिका दप्तरात माझ्याच अंगावर पडली होती. विजेचं एकही गणित नव्हतं त्यात. जयराम मात्र घरापर्यंत गाडीवर शीळ घालत गेला.

परवा निकाल लागला. पास! तेजूनं पाठकोरे कागद टाचून जपून ठेवलेत, आणि मी अजूनही जळतोच. मला जयरामनं देव्हाऱ्याशेजारी खिळ्याला अडकवलंय. येईल त्याला दाखवतो, "याच्यावर पास झाली आमची तेजू."

तुम्ही कधी आलात, तर एवढंच करा. काही बोलू नका, नुसती मान डोलवा.