पाच वर्षांची मुदत

महिपतच्या मानेतली गाठ कॅन्सरची निघाली, तेव्हा रडून झाल्यावर सकुबाईच्या मनात एक विचार आला. आता निदान हा माणूस जरा गप बसेल. चोवीस वर्षांच्या संसारात तो कधी गप बसला नव्हता.

मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी सहा डोस सांगितले, दर एकवीस दिवसांनी एक. हा प्रकार औषधाला दाद देतो, यातून बरे होणारे पुष्कळ असतात, असंही त्या म्हणाल्या. 'पुष्कळ' म्हणजे सगळे नव्हेत, हे सकुबाईच्या लगेच ध्यानात आलं. जे उरतात त्यांचा विचार करत ती टोकावड्याला उतरेपर्यंत एसटीत मुकी बसली. महिपतने मात्र कंडक्टरलाच सांगून टाकलं, "सहा सलाइनी, मग खलास."

"खलास काय? बोलायची काय रीत हाय?"

"आजार खलास म्हंतोय गो."

दुसऱ्या डोसनंतर त्याचे केस गेले. तोंडात फोड आले. पेजेशिवाय काही उतरेना. तो ओटीवर गोधडी घेऊन पडून राही, आणि तिथून समोरची पायवाट थेट विहिरीपर्यंत दिसे. गावाचा हातपंप शिमग्यापासून बंद होता. एके दिवशी तो म्हणाला, "सकू, आज तू सात खेपा केल्यास."

"मग?"

"रोज करतेस?"

तिने डोक्यावरचा हंडा उतरवला आणि नवऱ्याकडे पाहिलं. "लग्न झाल्यापासून करतेय. पंप चालू असला का तेवढ्या कमी. तुमी आंघोळ कशानं करता?"

संध्याकाळपर्यंत तो तिच्या खेपा मोजत राहिला. तिला वाटलं, उशिरा का होईना, दोन गोड शब्द ऐकायला मिळतील. तिसऱ्या दिवशी त्याने संदेशला, मुरबाडला कंपनीत जाणाऱ्या मुलाला, येताना तहसील कचेरीतून ग्रामपंचायतीच्या निवडणुकीचा अर्ज आणायला सांगितला.

"कुणासाठी?" सकुबाईने विचारलं.

"माझ्यासाठी. पंप कोण दुरुस्त करणार मग?"

सकुबाईचं भांडण त्या दिवशी शेजारच्या तीन घरांनी ऐकलं. पांढऱ्या पेशी कमी झाल्यात, गर्दीत जायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी तिच्यासमोर दोनदा बजावलं होतं. "त्या बाई पुढच्या डोसापलीकडचं काय बोलत नायत, आन् तुमी लोकांकडं पाच वर्षांची मुदत मागताय."

"पाच वर्षं जगायचं तर हाताला काय तरी काम पायजे ना," महिपत म्हणाला.

यावर तिचा राग आणखी वाढला.

उमेद त्याची होती, पण तिच्यापायी राबायची सकुबाई. पाणी उकळून गार करून ठेवायचं, तोंडावरची पट्टी रोज धुवायची, दिवसातून दोनदा ताप बघायचा. वर आता कपबशी हे चिन्ह मिळालं म्हणून चहाला येणारी माणसं. प्रत्येकाला महिपत पट्टी हनुवटीवर ओढून तेच सांगे, "अर्ध्यावर आलो. तीन झाले, तीन राहिले." कुणी दिलासा द्यायला यायचं आणि दिलासा घेऊनच जायचं. ती आत भांडी घासत म्हणे, पट्टी वर घ्या. तो घेई, आणि पुढच्या वाक्याला पुन्हा खाली.

चौथ्या डोसनंतर आठव्या दिवशी त्याला ताप भरला. मतदानाला पाच दिवस होते. जीप करून त्याला कल्याणला नेलं. पुरुषांच्या वॉर्डात सोबतीला पुरुषच लागतो म्हणून संदेश थांबला आणि सकुबाईला परत यावं लागलं. घरी दोन म्हशी होत्या, खळ्यावर भाताच्या झोडणीचं काम अर्धं पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी वाण्याच्या दुकानातून निरोप आला, फोन आहे. ती पिठाच्या हातानेच धावली.

"वरच्या आळीला कोण गेलं का?" महिपत विचारत होता. आवाज इतका बारीक होता की तिला आधी संदेशच वाटला.

"ताप किती हाय?"

"उतरंल. वरच्या आळीत अकरा घरं हायत, सकू."

"मी ताप इचारतेय."

"काल एकशेतीन, आज एकशेएक. जाशील ना?"

तिने फोन ठेवला. वाणी बघतोय म्हणून तिने डोळे पुसले नाहीत. या माणसाला सांगता यावं, 'गेले होते बाबा, आता झोप', एवढ्याचसाठी ती त्या दुपारी वरच्या आळीला निघाली.

पहिलंच घर जनाबाईचं. तिने पाट दिला, पाणी दिलं, महिपतची चौकशी केली. मग पदराशी चाळा करत म्हणाली, "मत देऊ गो. पन खरं सांग, भाऊ टिकतील का? उद्या काय झालं तर परत पोटनिवडणूक. त्यापेक्षा त्यांच्यासमोर उभा हाय तो रघू बरा, असं आमचे हे म्हंतात."

हीच शंका सकुबाईने अर्जावरून झालेल्या भांडणात स्वतः बोलून दाखवली होती. जनाबाईच्या तोंडून ऐकल्यावर मात्र तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"का नाय टिकणार?" ती म्हणाली. "गाठ सुपारीएवढी होती, आता हाताला लागत नाय. मी रोज बघते हात लावून. सहातले चार डोस झालेत. ओकाऱ्या काढत तो माणूस पंपाच्या अर्जाचा मजकूर सांगतो, आन् संदेश लिवतो. तुमचा रघू धडधाकट हाय ना? शिमग्यापासून किती वेळा आला पंप बघायला?"

जनाबाईने हातातला पदर सोडून दिला.

"आन् टिकले नाय तर माझं जाईल. तुमचं एक मत जाईल," सकुबाई म्हणाली आणि उठली.

बाहेर आल्यावर ती अंगणातच थांबली. गाठ लागत नाही, हे तिने आजवर महिपतलाही मोठ्याने सांगितलं नव्हतं. म्हटलं की फिरेल, अशी भीती होती. मघाशी तोंडातून निघून गेलं. मग ती पुढच्या घरी गेली, आणि त्याच्या पुढच्या. अकराही घरं तिने केली. कुठे कुणी 'बिचारा' म्हणालं की ती म्हणे, बिचारा नको, कपबशी म्हणा.

मतदानाच्या दिवशी दुपारी महिपत जीपमधून उतरला. ताप गेला होता. डॉक्टरांनी चार दिवस पडून राहायला सांगितलं होतं, आणि तो शाळेच्या पायऱ्या संदेशच्या खांद्यावर हात टाकून चढत होता. रांगेतल्या लोकांनी वाट दिली. सकुबाई मागून ओरडली, "पट्टी वर."

मोजणी मुरबाडला झाली. महिपत पाच मतांनी पडला.

"पाचच," तो ओटीवर बसून म्हणाला. आवाजात दुःखापेक्षा नवलच जास्त होतं. "मला वाटलं, पन्नासनं पडेन."

'मी सांगत होते' हे म्हणायची सकुबाईला याहून चांगली वेळ मिळणार नव्हती, पण तिला त्या पाच माणसांचा इतका राग आला होता की नवऱ्यावर रागवायला जागाच उरली नाही. आठवडाभर ती विहिरीवर प्रत्येक बाईच्या तोंडाकडे बघत होती. शेवटी वैतागून म्हणाली, "मत दिलं नसंल तर नसंल. आता पंपासाठी तरी चला." चौदा बाया रिकामे हंडे घेऊन रघूच्या अंगणात जाऊन बसल्या. जनाबाई सगळ्यात पुढे होती. पाच मतांनी आलेला माणूस फार ताठ बोलू शकत नाही. महिना गेला, पण पंप सुरू झाला.

सहावा डोस झाल्यावर तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी फिल्म उजेडाकडे धरली, पुन्हा धरली, आणि गाठ कुठेच दिसत नाही म्हणाल्या. पण निदान दोन वर्षं दर तीन महिन्यांनी यावं लागेल, निष्काळजीपणा चालणार नाही. सकुबाईने टेबलाची कड घट्ट धरली. महिपतने कार्डावरची तारीख वाचली.

"म्याडम, ही तारीख जमायची नाय. त्या दिवशी आमची ग्रामसभा हाय."

"तुम्ही सदस्य आहात?"

"नाय, पडलो. पन प्रश्न इचारायचेत."

डॉक्टरीणबाईंनी सकुबाईकडे पाहिलं. सकुबाईने नवऱ्याच्या हातातून कार्ड काढून घेतलं, घडी घालून कमरेच्या पिशवीत टाकलं.

"तुमी तारीख बदलू नका, बाई," ती म्हणाली. "मी आणते यांना."