मेणपेन्सिल

अकरा दिवसांत एकही ठिपका चुकला नव्हता, आणि मार्लीन त्रुहियोला नेमकं तेच खटकत होतं.

न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात लष्कराच्या नव्या नकाशा-यंत्रणेची चाचणी चालली होती. प्रत्येक गाडीत एक पडदा, आणि पडद्यावर आपली प्रत्येक गाडी म्हणजे एक निळा ठिपका. निळ्या ठिपक्यावर तोफखान्याने गोळा टाकायचा नाही. ठिपके खरं बोलतात का, हे मोजणं मार्लीनचं काम. डोंगराआड यंत्रणेचे संदेश पोचत नाहीत हे तिने स्वतः मोजलं होतं. मग तिथले ठिपके इतके अचूक कसे? उद्या शेवटचा दिवस होता. यंत्रणा पास झाली की वसंतात चाचणीतली हीच पलटण ती घेऊन परदेशी निघणार होती.

दुपारी ती पलटणीच्या सार्जंट टॉलिव्हरच्या गाडीत जाऊन बसली. तो सूर्यफुलाच्या बिया चघळत होता. रेडिओवर कुणीतरी आपलं ठिकाण सांगितलं. त्याने मांडीवरच्या कागदी नकाशावर मेणपेन्सिलीने खूण केली, हिरव्या वहीत वेळ टिपली आणि पडद्यावरचा ठिपका बोटाने सरकवला; तो सगळ्याच पडद्यांवर सरकला.

"हे काय केलंत?"

"तीन नंबरची गाडी खिंडीत आहे. पडदा अजून विहिरीपाशीच अडकलाय."

"रोज करता?"

"दर वीस मिनिटांनी. पोरांना सांगून ठेवलंय, तोंडाने कळवत जा म्हणून."

मार्लीनने कपाळाला हात लावला. "म्हणजे अकरा दिवस मी तुमची परीक्षा घेतेय, यंत्राची नाही."

"पास झालो ना?"

"अहो, तेच तर दुखणं आहे. उद्या ठिपक्यांना हात लावू नका."

"ही वही न्या की. सगळं लिहिलंय."

"नुसत्या वहीला यंत्र बनवणारे कंपनीवाले विचारत नाहीत. म्हणतील, सार्जंटच्या हाताला खाज होती."

टॉलिव्हरने बियांची टरफलं डब्यात थुंकली. "अठरा वर्षं लष्कराने शिकवलं, काहीही होवो, काम निभावून न्या. आता तुम्ही म्हणता, बिघडू द्या." मग मेणपेन्सिल तिच्या हातात ठेवली. "माझ्याजवळ राहिली तर राहवणार नाही."

दुसऱ्या दिवशी तो खरोखरच दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसला. पावणेअकराला तीन नंबरची गाडी टेकडीवर चढली. तिचा ठिपका विहिरीपाशी निवांत होता. तोफखान्याने विचारलं, टेकडी मोकळी आहे का? पडदा म्हणाला, मोकळी.

"गोळे खोटे आहेत, सार्जंट," मार्लीन हळूच म्हणाली.

"ठाऊक आहे मला."

रेडिओवर चाचणीच्या पंचांचा आवाज आला : तीन नंबर नष्ट, चार ठार. ते चार ठार जवान शिरस्त्राणं काढून गाडीच्या सावलीत बरिटो खायला बसले. टॉलिव्हर त्यांच्याकडे बघतच राहिला.

संध्याकाळी कर्नलांपुढे बैठक भरली. प्रत्येक चूक यंत्राची की माणसाची, हे तिथे ठरे. कंपनीचा हॅस्केल तयारीनिशी आला होता.

"चालवणाऱ्याची चूक. दर वीस मिनिटांनी ठिपके हाताने दुरुस्त करायचे, असं यंत्राच्या पुस्तिकेत आहे."

"कधीपासून?" मार्लीनने विचारलं.

"कालपासून. आमच्या तंत्रज्ञाने सार्जंटची पद्धत पाहिली. उत्तम वाटली, म्हणून घेतली."

कर्नल टॉलिव्हरकडे वळले. "मग आज का नाही केलीत?"

"मी थांबवलं त्यांना," मार्लीन म्हणाली.

"म्हणजे चाचणीत ढवळाढवळ," हॅस्केल गोड हसला. "मग आजचा दिवसच रद्द धरावा लागेल."

टॉलिव्हरने खिशातून हिरवी वही काढली आणि कर्नलांपुढे सरकवली.

"आज बाईंनी हात घातला म्हणून दिवस रद्द. ठीक. बाकीचे अकरा दिवस मी हात घातलाय, साहेब. तीनशे बारा वेळा. तेही रद्द करा."

कर्नल पानं उलटत राहिले. हॅस्केलने पुस्तिका उघडली आणि पुन्हा मिटली.

"पलटण निघायची तारीख माझ्या हातात नाही," कर्नल अखेर म्हणाले. "पण पडदे तिच्याबरोबर जाणार नाहीत, इथेच राहतील. चाचणी पुन्हा, पहिल्यापासून."

बाहेर आल्यावर टॉलिव्हरने मार्लीनपुढे हात पसरला.

"पेन्सिल, मॅडम. वसंतात लागेल."