ओ द्यायची

बायजीने सुषमाच्या हातातला मोबाइल हिसकावला आणि ओट्यावर पालथा ठेवला. सख्ख्या भावाचा दिवस अजून घालायचाय, आणि ही कॉलेजात जाणारी घोडी भरदुपारी पोरासोरांची कार्टुनं बघत बसते, शोभतं का? बायजी एवढं बोलली खरी, पण त्यात राग नव्हता. इथे आईने रागवायचं असतं, म्हणून ती रागावली.

थोरला मुलगा तुषार गेल्यापासून तिचं सगळंच असं चाललं होतं. तलासरीजवळ हायवेवर एका ट्रकने त्याची मोटारसायकल उडवली, आणि त्या दिवसापासून बाई जी सुन्न झाली ती झालीच. डोळ्यांतून टिपूस नाही. बायका तिच्या गळ्यात पडून रडल्या, तर हीच त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. सकाळी सायवनहून एसटी पकडायची, आशागडला फुग्यांच्या कारखान्यात पावडरीने कोपरापर्यंत पांढरी होत फाटके फुगे वेगळे काढायचे, संध्याकाळी घरी यायचं. त्या हिवाळ्यात भूकंपाचे धक्के बसत होते. भुई हादरली की अख्खी वाडी अंगणात धावायची आणि ही चुलीशी बसून भाकरी उलटायची. लोक म्हणायचे, बाईचं काळीज दगडाचं आहे. म्हणेनात का! लोकांचं काय जातं?

"लहान पोरांचं नाय आहे ते," सुषमा म्हणाली. "बघ तरी एकदा." आणि इअरफोनचं एक टोक तिने आईच्या कानात घातलं.

भाषा जपानी, बायजीला एक अक्षर कळेल तर शपथ. सुषमा खालचं इंग्रजी वाचून सांगत होती. एका बेटावर एक म्हातारी राहते. तिचा मुलगा समुद्रात बुडून गेलेला. एक दिवस हुबेहूब त्याच्यासारखा दिसणारा यंत्राचा माणूस दारात येऊन उभा राहतो. मुलाच्या सगळ्या आठवणी त्याच्यात भरलेल्या. तो विचारतो, मी तुझा मुलगा आहे की नाही? म्हातारी उत्तर देत नाही. त्याच्यापुढे भात वाढते. आता यंत्र ते, खाणार कसं? तो भाताकडे बघत बसतो आणि ती त्याच्याकडे. भाताची वाफ निवत जाते. बाकी काही म्हणजे काही होत नाही.

सुषमाचे डोळे गळायला लागले. या जागी जगभरची माणसं रडतात, तसं व्हिडिओखाली लिहितातसुद्धा, असं तिने सांगितलं.

"का पण?" बायजीने विचारलं.

सुषमाने जरा विचार केला. "तिची कोणी समजूत काढत नाय, म्हणून असंल. आपल्याकडे जो येतो तो सांगतो, देवाला आवडला, आता पोरीकडं बघ. इथं कोणी कायच सांगत नाय. नुसतं बसू देतात."

बायजीला रडू आलं नाही. पण तेवढंच भाताचं तिने पुन्हा लावायला सांगितलं.

"तो खरा नाय, हे तिला ठाऊक हाय ना?"

"हाय."

"मग?"

सुषमाने भाताचं तेवढं तिसऱ्यांदा लावलं.

घरात खरी पंचाईत होती ती पांड्याची, बायजीच्या नवऱ्याची. रस्त्यावर कुठलीही मोटारसायकल वाजली की हा उठून वळणापर्यंत बघून यायचा. कामावर जाणं सोडलं, अन्नावरची वासना उडाली. त्याचा सगळा जीव दिवस घालण्याकडे लागला होता. दिवस घातला की भगताच्या अंगात मेलेला माणूस येतो आणि घरच्यांना एकेक करून हाक मारतो. घरच्यांनी ओ द्यायची. आईने ओ दिली नाही, तर तो पूर्वजांत जाऊन बसत नाही, भटकत राहतो. ही त्यांच्या घरातली रीत. दुसऱ्याच्या तोंडून माझा दादा बोलायचा नाय, हे फसवणं आहे, असं म्हणून सुषमा बापाशी कडाकडा भांडली. बायजी मध्ये पडली नाही.

ठरल्या दिवशी उन्हं कलल्यावर सगळे अंगणात जमले. भिका भगत पलीकडच्या गावचा, पिकल्या केसांचा म्हातारा. सुपातल्या तांदळांवर बोटं फिरवता फिरवता तो घुमायला लागला. त्याने आधी बापाला हाक मारली. पांड्याने ओ दिली आणि जमिनीवर कपाळ टेकून तो ओक्साबोक्शी रडला. मग सुषमाला हाक आली. तिने ओ दिली नाही.

"आये!" भिका घुमत म्हणाला.

बायजीला ती हाक आपली वाटली नाही. बापाचं ऐकून ऐकून तुषार तिला जन्मभर नावानेच हाक मारायचा, बायजी म्हणायचा. वाडी हसायची, पण त्याने सवय सोडली नाही. आये म्हणून त्याने तिला कधी हाक मारली नव्हती. परगावच्या भिकाला हे कुठून ठाऊक असणार?

सुषमाने तिचा दंड धरला. "आये, तो दादा नाय."

"ठाऊक हाय मला," बायजी हळू म्हणाली.

पुन्हा हाक आली. पांड्या मान वर करून बायकोच्या तोंडाकडे बघत होता. आता हिने ओ दिली नाही तर हा माणूस त्या वळणावरच मरणार, हे बायजीला कळत होतं. कारखान्यात शिट्टी झाली की हात आपोआप चालायला लागतात, तशी शेवटी तिची जीभ हलली.

"ओ," ती म्हणाली.

आता मेलेल्याने मागायचं असतं, कोंबडा म्हणा, ताडी म्हणा, आणि जित्यांनी देतो म्हणायचं असतं. पण बायजी थांबली नाही.

"लय दुखलं का रे तुला?"

असलं कोणी विचारत नाही. भिकाचं घुमणं मंदावलं, बोटं तांदळात तशीच राहिली. बायजीने घाई केली नाही.

"नाय," तो म्हणाला, आणि आवाज अगदी भिकाचाच होता. "कळलंच नाय मला."

बायजी पुढे सरकली आणि तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. केस राठ होते, पांढरे होते, तिच्या बापाच्या वयाच्या माणसाचे होते. ती ते विंचरल्यासारखे मागे सारत राहिली, आणि भिकानेही डोकं काढून घेतलं नाही.