तुसाचा कोळसा

सोमीला एकच हवं होतं, आपल्या विहिरीचं घोटभर पाणी. लग्नानंतर तिने आणि भिकाने मिळून खणलेली विहीर. आता सोमी अंथरुणातून उठत नव्हती आणि विहीर पत्रा टाकून बंद केली होती. वरच्या अंगाला मिरचीचा मळा होता, त्यावर फवारलेलं औषध पाण्यात झिरपलं होतं. त्यांची मुलगी दीपिका बोईसरला कंपनीत कामाला. तिनेच पाणी तपासून आणलं आणि आईसाठी विकतच्या बाटल्या आणू लागली.

"प्लास्टिकचा वास येतो," म्हणून सोमी बाटली बाजूला सारायची.

मग उपायही दीपिकानेच आणला. भाताचा तूस पिंपात भरायचा, झाकण घट्ट लावायचं आणि बाहेरून जाळ द्यायचा. हवा लागली नाही की तुसाचा काळा कोळसा होतो. तो धुऊन मडक्यात वाळूवर पसरला की पाण्यातलं औषध धरून ठेवतो.

भिकाने जन्मभर राब भाजला होता. भाताचं बी पेरायच्या जागी पालापाचोळा पेटवायचा आणि जाळ डोळ्यांनी राखत बसायचं. झाकणाखाली काय चाललंय ते न बघता त्याला बसवेना. त्याने झाकण उचललं. तूस भडकला आणि पिंपात नुसती राख उरली.

"दम नाय तुला," आतून सोमी म्हणाली. "भात शिजताना पण झाकण उचलतोस."

"तू गप नीज गो."

गिरणीतून पुन्हा तूस मिळेपर्यंत आठवडा गेला. या खेपेला भिकाने झाकणावर जात्याची तळी ठेवली आणि पाठ फिरवून बसला. कोळसा साधला. मडक्यातून विहिरीचं पाणी ठिबकू लागलं. त्यातलं थोडं घेऊन दीपिका बोईसरला गेली. जाताना म्हणाली, "तपासून कळेपर्यंत आईला देऊ नको, बाबा."

सोमीला ती ठिबक ऐकू येत होती. "घोटभर दे ना."

"दीपूचा निरोप येऊ दे."

"झाकण उचलायला घाई, नि पाणी द्यायला नाय."

त्याने दिलं नाही. पहाटे सोमी गेली. तिच्या तोंडात शेवटी घातलं ते बाटलीतलंच पाणी.

तिला माती देऊन सगळे परतले, तेव्हा बोईसरहून आलेल्या दीपिकाचा फोन वाजला. पाणी तपासणाऱ्यांचा होता. मडक्यातलं पाणी चांगलं होतं.

आलेल्या माणसांना त्याच मडक्यातून पाणी दिलं. भिकाने घेतलं नाही. सोमीच्या उशाशी अर्धी राहिलेली बाटली होती, ती त्याने तोंडाला लावली.

"खरंच गो," तो रिकाम्या अंथरुणाकडे बघून म्हणाला, "वास येतो."