अख्खी वडी

चष्म्याच्या दुकानात काच घासणारी ती, आणि तिचा गोलमटोल कुत्रा भोपळ्या. दोघांचा संसार सुखाचा होता. फक्त ताईच्या नवऱ्याला तो बघवत नसे. "नवरा मिळाला नाही, म्हणून कुत्रा पाळला," हा दाजींचा ठरलेला विनोद. ताईसाठी ती तो गिळायची.

त्या रविवारी ताईकडे जेवणं झाली. ती हात धुऊन येते तो भोपळ्या स्वयंपाकघरात जिभल्या चाटत होता आणि दाजी खो खो हसत होते.

"मेहुणीबाई, तुमच्या चिरंजीवांनी चॉकलेट खाल्लं!"

चॉकलेट म्हणजे कुत्र्याला विष, हे तिला ठाऊक होतं. तिने तडक प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. कुठलं चॉकलेट, किती, कधी, कुत्र्याचं वजन काय, बाईंनी एकामागून एक विचारलं.

"किती दिलंत, दाजी?"

"नखाएवढा तुकडा गं! मरत नाही तो."

"तेवढंच असेल तर लक्ष ठेवा," बाई म्हणाल्या.

पण भोपळ्या जागेवर ठरेना. धापा टाकत खोलीभर फिरू लागला, वाडगाभर पाणी घटाघटा प्यायला. तिने छातीवर हात ठेवला तर काळीज नुसतं धडधडत होतं. ती उठली आणि कचऱ्याचा डबा जमिनीवर उपडा केला. सालांखाली चुरगळलेलं वेष्टन निघालं. ताईने केकसाठी आणलेली काळ्या, कडू चॉकलेटची वडी. अख्खी.

तिने पुन्हा बाईंना फोन लावला. "मीठपाणी पाज, ओकून टाकेल," दाजी पुटपुटले.

फोनवर बाई कडाडल्या, "मीठपाणी मुळीच नको! घरी काहीही करू नका. वेष्टन घ्या आणि निघा."

"गाडी काढा, दाजी," ती म्हणाली.

गाडी नवीकोरी होती. आत बसायचं तर दाजी चपला काढायला लावत. ताईने धावत जुनी चादर आणून दिली. तिने ती घडीसकट दारातच ठेवली आणि भोपळ्याला पुढच्या मऊ सीटवर बसवलं. दुसऱ्याच वळणावर तो भडाभडा ओकला. सीटवर, गिअरवर, दाजींच्या मांडीवर. दाजींचा चेहरा एवढासा झाला. तिने भोपळ्याची पाठ थोपटली. "ओक रे राजा, मोकळा हो."

दवाखाना माणसांनी भरला होता. बाईंनी विचारलं, "नक्की किती खाल्लं?"

"हे सांगतील," ती म्हणाली. "मोठ्याने सांगा, दाजी."

"अख्खी वडी."

"मघाशी तर तुकडा म्हणाला होतात?" तिने विचारलं.

"खोटं बोललो."

मांजर घेऊन बसलेल्या आजीबाईंनी त्यांना नखशिखान्त न्याहाळलं. "लाज नाही वाटत?" त्यांनी विचारलं. कुणीच मध्ये पडलं नाही. तीही नाही.

उलटीचं इंजेक्शन, विष शोषणारं कोळशाचं काळं औषध, सलाईन. उजाडता उजाडता भोपळ्या धोक्याबाहेर आला. बाहेर ताटकळलेले दाजी म्हणाले, "झालं ना आता समाधान?"

"नाही," ती म्हणाली आणि भोपळ्याला कडेवर घेऊन चालत घरी गेली.

पुढे ताईने सांगितलं, की गाडीचा वास काही केल्या जात नाही, ऐन थंडीत दाजी काचा उघड्या टाकून कामावर जातात. ती डोळ्यांत पाणी येईतो हसली.

"आता सोडून दे गं," ताई म्हणाली. "माणूस मनाने वाईट नाही."

"तू कधीही ये. ते आले तर मी दार उघडणार नाही."

 तेव्हापासून ताई एकटीच येते. आली की भोपळ्या तिच्या पायाशी लोळण घेतो, आणि दाजींचा विषय दोघी काढत नाहीत.